आंदणातली बंदूक

सोमवार, दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर कोर्ट उघडण्याचा दिवस. ठिकाण अकोला. हजर: मी (वकील), माझी पक्षकार प्रज्ञा, प्रज्ञाची आई, आणि आईच्या लोखंडी कपाटात, नऊवारी पातळांच्या मागे, चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक.

प्रज्ञा दर्यापूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. नवरा नितीन, वरूडचा, संत्र्याची बाग. दोघांनी मिळून घटस्फोट मागितलेला, अर्ज मीच अमरावतीला दाखल केलेला. दोघांत भांडण असं उरलं नव्हतं. सुट्ट्यांत प्रज्ञानं वरूडहून तिचं सामान टेम्पोनं माहेरी आणलं. शिलाई मशीन, दिवाण, भांडी, दागिने. त्याची यादी मी केली होती, दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. बंदूक त्या यादीत नव्हती.

सकाळी मी अमरावतीत घरून कोर्टात निघायच्या तयारीत असताना नितीनचे वकील ढोले यांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या बाईनं बंदूक नेली की काय?"

"कोणती बंदूक?"

"परवान्याची. निवडणूक आहे ना, ठाण्यातून शस्त्र जमा करा म्हणून निरोप आला. नितीन पाहते तर जागेवर बंदूकच नाही. घाबरून त्यानं चोरीचा अर्ज देऊन टाकला."

"एफआयआर झाला?"

"ठाणेदार म्हणतात, संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यानंतर माझा इलाज नाही."

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागला की परत मिळतात. गावोगावी हे नेहमीचंच काम आहे. पण बंदूक जमा करायला नेण्याऐवजी ती चोरीला गेल्याचा अर्ज द्यायची वेळ आली, तर ठाणेदार तरी काय करणार?

मी प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, "हो, माह्याजवळ आहे. माहीच आहे." मी ज्युनिअरला कोर्टातल्या तारखा सांभाळायला सांगितल्या आणि अकोल्याला निघाले.

तिचं म्हणणं सोपं होतं. बंदूक तिच्या वडिलांची. ते नांदगाव खंडेश्वरला शेती करत आणि रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवाना होता. लग्नानंतर बागेला उपयोग होईल म्हणून त्यांनी ती दिली. नितीनचा परवाना झाला, बंदूक त्याच्या परवान्यावर चढली. वडील आता नाहीत; आई भावाकडे अकोल्याला राहते.

"आंदणात देल्ली बाबानं. दिवाण माह्या, मशीन माही, मंग बंदूक कावून नाही?"

आंदण म्हणजे मुलीला माहेरून मिळालेलं. कायद्यात त्याला स्त्रीधन म्हणतात आणि त्यावर नवऱ्याचा हक्क नसतो. हे मीच तिला समजावून सांगितलं होतं. ती माझाच धडा मला म्हणून दाखवत होती.

"प्रज्ञा, बंदुकीचं वेगळं असतं. ती तुझ्या मालकीची आहे की नाही, हा एक प्रश्न. तू ती जवळ ठेवू शकतेस का, हा दुसरा. मालकी कोर्ट ठरवील. पण परवान्यावर ज्याचं नाव, त्यानंच ती जवळ ठेवायची. दुसऱ्यानं ठेवली तर गुन्हा. अटक झाली तर तुझी शाळा जाईल. आधी निलंबन, मग चौकशी, मग वर्षानुवर्षं तारखा."

आई उठल्या.

"मंग वापस पाठवून देतो ना. भाऊ जाते मोटरसायकलनं. चादरीत तं बांधलीच आहे."

"आई, कपाटाला हात लावू नका."

त्या थांबल्या. मी त्यांना खाली बसवलं. परत करायचं म्हटलं तरी अडचण तीच होती. घरापासून चौकापर्यंत जरी कोणी ती बंदूक नेली, तरी त्याच्याकडे परवाना हवा. भावाकडे नाही, प्रज्ञाकडे नाही. माझ्याकडेही नाही, त्यामुळे मी ती माझ्या गाडीत ठेवली असती तर आरोपींत एक वकील वाढली असती.

"मंग कोन नेईन?" आईंनी विचारलं.

"परवानेवाला. नितीनलाच इथं यावं लागेल."

हे ऐकताच प्रज्ञा म्हणाली, "त्याच्या हाती नका देऊ."

"का?"

ती आईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो एकटा बागेत बसून राहे बंदूक घेऊन. डुकरं नसली तरी. दोनदा म्हनला मले, आता माह्यं काय राह्यलं म्हून. मी कोनाले सांगू? गावात सांगतलं असतं तं लोकायनं त्याले येडा ठरवलं असतं. म्हून न सांगता घेऊन आली अन् आंदणाचं नाव सांगतलं."

मी वही बंद केली. सकाळपासून मी चुकीचा प्रश्न सोडवत होते. बंदूक कोणाची, हा मुद्दाच नव्हता. ती नितीनच्या घरी परत जाता कामा नये आणि प्रज्ञाच्या घरी राहता कामा नये, असा मार्ग हवा होता. आणि तो कायद्यात बसायला हवा होता.

मार्ग होता. शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करता येतं, गाव कोणतंही असो. वरूडच्या ठाणेदारांना मी फोन लावला. जे घडलं ते सगळं सांगितलं, प्रज्ञाची भीतीही सांगितली.

"जमा कुठंही करा, मॅडम. पावती मले आजच पाहिजे. अन् अर्ज देणाऱ्याचं बयान पाहिजे, त्याच्या स्वतःच्या शब्दात."

मग ढोलेंना फोन. "तुमचे पक्षकार घेऊन अकोल्याला या. परवाना सोबत असू द्या. आणि त्यांना गाडी चालवू देऊ नका, तुम्ही चालवा."

"एवढं काय झालं?"

"आल्यावर सांगते. वाटेत त्यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला, संत्र्याचं बोला."

दुपारी ते आले. मी बोलावलेले अकोल्याच्या ठाण्यातले एक हवालदार त्याआधीच येऊन चहा घेत बसले होते. नितीन दारातच थांबला. घटस्फोटाचा अर्ज दिल्यापासून तो या घरी आला नव्हता. आईंनी तांब्या आणला.

"जवाईबापू, पाय धुवा. बाहीर कायले उभे राह्यले?"

"सामान घ्याले आलो फक्त."

"सामान कुठं पयून नाही चाललं. पाय धुवा."

त्यानं पाय धुतले. आत आला. प्रज्ञा कपाटापाशी उभी होती.

"कावून नेली तू?" त्यानं विचारलं.

"आंदणाची आहे."

"आंदण पोरीले असते. बंदूक तं मामांजीनं मले देल्ली होती."

"दोघाले देल्ली होती," आई म्हणाल्या. "घर राखाले."

मग प्रज्ञा म्हणाली, "तू जे बोलला व्हता ना बागेत, ते मी इसरली नाही. म्हून नेली."

नितीन खाली पाहू लागला. "बोलनं येगळं असते."

"असंन. मले फरक समजत नाही. मी मास्तरीण आहे, पोरगं बोललं का मी खरंच समजतो."

हवालदारांनी घसा साफ केला. "काडतुसं?"

"तुरीच्या डाळीच्या डब्यात," प्रज्ञा म्हणाली.

"माह्या डब्यात?" आई म्हणाल्या. "अन् त्याच डायीचं वरण खाल्लं काय आपन?"

नितीन हसला. ढोलेही हसले. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी हसलं असावं.

नितीननं कपाट उघडलं, बंदूक काढली, मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं हवालदारांना दाखवलं. काडतुसं हवालदारांनी वेगळी घेतली. तो, हवालदार आणि ढोले जीपनं ठाण्यात गेले. मी मागून माझ्या गाडीनं. पावती झाली.

बयान मी लिहून ठेवलं होतं: बंदूक मी कुलपात ठेवली नव्हती, ही माझी चूक. पत्नीनं ती माहेरी नेली हे मला माहीत नव्हतं. बंदूक सुरक्षित मिळाली असून माझी तक्रार नाही. नितीननं वाचलं आणि म्हणाला, "हे बरोबर आहे. पण माह्या शब्दात नाही." त्यानं पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तिने माझ्या काळजीने नेली. मग सही केली.

वरूडच्या ठाणेदारांनी तो अर्ज निकाली काढला. प्रज्ञाची शाळा सुरू आहे. घटस्फोट झाला, ठरल्याप्रमाणे, दोघांच्या संमतीनं. आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते: घर वाटताना कपाटं मोजण्याआधी विचारा, घरात परवान्याची वस्तू आहे का. असेल तर ती आधी ठाण्यात ठेवा, भांडण मग करा.

ढोलेंनी नितीनला अमरावतीच्या एका मानसोपचार डॉक्टरांचा पत्ता दिला. तो जातो. हे मला प्रज्ञाकडून कळलं, आणि तिला नितीनकडून. दर भेटीनंतर तो तिला फोन करतो. काय झालं सांगतो, गोळ्या बदलल्या तर तेही सांगतो. ती ऐकून घेते आणि जेवला का, असं विचारून फोन ठेवते.

निवडणूक झाली. बाकीच्यांच्या बंदुका घरी गेल्या. ही अजून अकोल्याच्या ठाण्यात आहे. नितीननं कळवलं आहे की त्याला ती नको, विकून टाका. त्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात विक्रीचं कारण लिहावं लागतं. मी कारण विचारलं तर तो म्हणाला, "विचार करून सांगतो." कारणाची ओळ सोडून बाकीचा अर्ज भरून तयार आहे. उद्या सकाळी त्याला पुन्हा फोन करायचा आहे.