आडनावाचा रकाना

मी मॉरिशसची. आमच्या बेटावर मराठी माणसं पाच-सहा पिढ्यांपासून आहेत, उसाच्या मळ्यात राबायला जहाजातून नेलेली. घरी आम्ही क्रिओल बोलायचो आणि मराठी शाळेत शिकायचो. पुढच्या शिक्षणासाठी मी पुण्याला आले. तिथे बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या एका मुलाशी ओळख झाली, लग्न झालं आणि मी नांदुऱ्याला राहायला आले. मला वाटायचं, मराठी येते म्हणजे सगळं सोपं जाईल.

बँकेत खातं काढायला सासूबाई सोबत आल्या. त्यांची सारी नोकरी अंगणवाडीत गेलेली, मानधनासाठी दर महिन्याला इथेच यायच्या, त्यामुळे त्यांना बँकेतली प्रत्येक खिडकी माहीत होती. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "मला बचत खाते उघडावयाचे आहे."

माझ्याच वयाच्या त्या बाई सासूबाईंकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "मावशी, काय म्हणून राह्यल्या ह्या?"

"खातं काढाचं हाय. सून हाय माही."

"मंग असं पुस्तकासारखं काऊन बोलून राह्यल्या?"

मला फॉर्म मिळाला. पहिल्याच ओळीत तीन रकाने होते: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. माझ्या पासपोर्टवर दोनच नावं आहेत. मी पहिल्या रकान्यात एक आणि शेवटच्यात दुसरं लिहिलं. मधला रकाना मोकळा सोडला.

बाईंनी पेनाने शेवटच्या रकान्यावर टकटक केलं. "ताई, हे तर माणसाचं नाव झालं. आडनाव लिहा."

"हेच आडनाव आहे."

"हे आडनाव कसं असंन? आमच्या शेजारच्या आजोबाचं नाव हाय हे."

आता हे कसं सांगायचं? माझ्या खापरपणजोबांना जहाजातून उतरवलं तेव्हा कारकुनाने त्यांचं एकच नाव वहीत लिहून घेतलं. तेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. त्याआधीचं, खरं आडनाव कोणाला ठाऊक नाही. हे मी जमेल तसं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मागे रांगेतला एक माणूस म्हणाला, "म्हंजे ह्यायले आडनावच नाही." ते तो वाईट भावनेने म्हणाला नाही, पण मी गोंधळले. इतकी वर्षं ज्याला आडनाव समजत आले, ते आडनाव नव्हतंच की काय?

सासूबाई म्हणाल्या, "आमचं लिव ना. लग्न झालं आता."

पण पासपोर्टवर ते नव्हतं. बाई फॉर्म घेऊन मॅनेजरांकडे गेल्या. मॅनेजरांनी पासपोर्ट दोनदा उलटसुलट पाहिला, कुठेतरी फोन लावला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, परदेशी नागरिक म्हटल्यावर बुलढाण्याहून पोलीस ऑफिसचा नोंदणीचा कागद लागंन. तो घेऊन गुरुवारी येजा."

मी ऐकलं ते 'ये-जा'. गुरुवारी काय ते नीट कळलं नाही. वाटलं, तोपर्यंत रोज ये-जा करावी लागणार. म्हणून सासूबाईंना न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बँकेत जाऊन बाकावर बसले. तासाभराने त्या बाईंचं लक्ष गेलं.

"ताई, तुमी आज काऊन आल्या?"

"साहेब म्हणाले, ये-जा."

त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "येजा म्हंजे या. गुरुवारी या, असं म्हणले ते." मी मान डोलावली. शाळेत क्रियापदाची सगळी रूपं पाठ केली होती, त्यात हे कुठेच नव्हतं.

बुधवारी सासूबाई आणि मी मोताळ्यावरून जाणाऱ्या एसटीने बुलढाण्याला गेलो. राजूर घाटात मला मळमळलं. सासूबाईंनी पिशवीतून लिंबू काढून हातात दिलं. ऑफिसातल्या अधिकाऱ्याने सगळे कागद लावून घेतले आणि सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

मी म्हटलं, "मॉरिशस."

"ते झालंच. त्याच्या आधीचं?"

"कोकणात कुठेतरी. गावाचं नाव माहीत नाही."

त्याने लिहिता लिहिता हात थांबवला. "आमच्याकडं असं कोणी सापडत नाही, ज्याले गाव माहीत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नवल होतं, थोडी कीवही असावी. कागद मात्र त्याने दुपारपर्यंत दिला.

गुरुवारी मॅनेजरांनी सही मागितली. मी मुद्दाम देवनागरीत केली, आयुष्यात पहिल्यांदाच, काना-मात्रा सांभाळत. त्यांनी पासपोर्ट पुढे सरकवला. "सही ह्याच्यावर हाय तशी पाहिजे." मग मी रोमन लिपीत केली. तीही जुळेना. तिसरी जुळली.

पासबुक छापून आलं. त्यावर खापरपणजोबांचं नाव आडनावाच्या जागी नीट होतं. खाली पत्ता नांदुऱ्याचा. आत जोडलेल्या माहितीच्या कागदावर जन्मठिकाणाच्या जागीही नांदुराच.

"इथे चूक झाली आहे," मी बाईंना म्हटलं.

"कॉम्प्युटर तुमचं गाव घेऊनच नाही राह्यला, ताई. मी आपलं इथलं टाकलं. पुढच्या खेपीले पाहू."

सासूबाईंना ते ऐकून बरं वाटलं असावं. बाहेर आल्यावर त्यांनी रसवंतीवर उसाच्या रसाचे दोन ग्लास मागवले. रस निघेपर्यंत मी त्या ओळीकडे बघत होते. तक्रार करावी की राहू द्यावं, हे मला ठरवता येईना. सासूबाई म्हणाल्या, "पासबुक पिशवीत ठेव, रस सांडंन त्याच्यावर." मी ठेवलं.

ती ओळ अजून दुरुस्त झालेली नाही. मीही परत गेले नाही.