सायमनभाऊंची कविता

परवा घुग्घुसला बसमधून उतरले, तर कोळशाच्या धुराच्या वासाने माजरीचं आमचं पत्र्याचं चर्च आठवलं.

मी तेव्हा दहावीत होते आणि पप्पा तिथे पाळक होते. एका रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, सायमनभाऊ उभे राहिले. ते खाणीत पंप चालवायचे आणि वहीत कविता लिहायचे. त्या दिवशी त्यांनी साक्षीऐवजी कविताच वाचली.

"देवा, वर बसून माह्यी पापं काऊन पाहतं? खाली ये. इथी अंधार आहे, मले सोबत पाहिजे. मी पापी नाई, मी थकलो आहो."

मागून एक म्हातारे म्हणाले, "पाळकसाहेब, याले खाली बसवा."

महिनाभरापूर्वी सायमनभाऊंचा धाकटा भाऊ काविळीने गेला होता. त्याला माती देताना पप्पांनीच ‘देवाची इच्छा’ असं सांगितलं होतं. आता पप्पा चिडतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे सायमनभाऊंवर मीच चिडले होते.

पप्पा टेबलामागून निघून सायमनभाऊंजवळ गेले. "भाऊ, पुन्हा वाचता का? मले नीट ऐकू नाई आलं."

सायमनभाऊंनी सावकाश पुन्हा वाचलं. पप्पा शेजारी डोळे मिटून उभे होते, प्रार्थनेत राहायचे तसे.

पप्पांना खरंच ऐकू आलं नसेल, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, त्यांनी पहिल्या वेळीच सगळं ऐकलं होतं.

कविता संपल्यावर पप्पा "आमेन" म्हणाले. त्या दिवशी ते एकटेच म्हणाले.