पाणबुडीतलं एरंडेल

आमच्या घरात एक पाणबुडी आहे, आणि ती बंद करायला मला सक्त मनाई आहे.

पाणबुडी प्लास्टिकची, हातभर लांबीची. आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध आजवर फक्त मिठापुरता होता. पूर्वज तंजावरला आले ते घोड्यावरून (असं आम्ही सांगतो, बैलगाडीतून आले असावेत), आणि मी कुंभकोणमच्या पाणीपुरवठ्यात जन्म काढला. निवृत्त झाल्यावर मी घरातले नळ रोज उघडून तपासायला लागलो, तेव्हा बायकोने, म्हणजे सरसाने, हात टेकले आणि जावयाला साकडं घातलं. जावई निखिल पुण्याचा. आम्ही ‘कोठें’ आणि ‘जाहलें’ म्हणतो म्हणून आम्ही बखरीतून थेट बाहेर पडलो आहोत असं त्याला वाटतं, पण मुलगा गुणी आहे. पुढच्या खेपेला त्याने पाणबुडीचं खोकं आणलं. सुटे भाग जोडायचे, रंग द्यायचा, कपाटावर ठेवायची. महिनाभर तरी नळांना आराम मिळेल असा त्याचा हिशेब होता.

खोकं उघडलं आणि माझा विरस झाला. वरची फाक, खालची फाक, आणि आत काही नाही! एक पाइप नाही, एक व्हॉल्व्ह नाही. समुद्राच्या तळाशी माणसं न्यायची, आणि आत नुसती पोकळी? मी ठरवलं, आतलं सगळं आपण करायचं. झोपायच्या फळ्या, टॉर्पेडो, इंजिनं, आणि मुख्य म्हणजे पाइप.

“आंत कोण बघणार?” सरसा म्हणाली. “झांकण लावलें कीं सगळें गडप. मग कशाला एवढा खटाटोप?”

आता हे तिने कोणाला सांगावं? गावात मी घातलेला एकही पाइप आजवर कोणी पाहिलेला नाही. माझा पाइप रस्त्यावर दिसला, तर समजावं की तो फुटलाय. न दिसणारं काम नीट करण्यातच माझी हयात गेली होती, आणि हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं. ती भाजी चिरायला निघून गेली.

मग मी कामाला लागलो. जुन्या पंख्यातली तांब्याची तार काढून पाइप केले. सरसाच्या ब्लाउजची टिचबटणं व्हॉल्व्हची चाकं म्हणून बसवली. (तिचे ब्लाउज त्या महिन्यात सेफ्टी पिनांवर चालले.) खलाशांनी चालायच्या जाळीसाठी चहाची गाळणी कापली. आम्ही कॉफीवाले, गाळणी घरात फक्त जावयाच्या चहापुरती. त्यामुळे ती गेल्याचं कळायला जावईच यावा लागला. त्याने पहिला घोट घेतला, तोंडातली चहाची पत्ती बोटाने काढून बशीच्या कडेला ठेवली आणि चहा छान झालाय म्हणाला.

मधल्या काळात आमची मुलगी तुळजा बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी हा दिवस उजाडला होता. आमच्या इकडे यासाठी तिरुक्करुगावूरला जातात. गर्भ राखणारी देवी आहे ती. मूल व्हावं म्हणून तिथलं तूप खायचं, आणि सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिथलं एरंडेल कळा सुरू झाल्यावर पोटाला लावायचं. सरसाने दोन्हीसाठी स्वतः खेपा घातल्या होत्या. तुळजा बंगळूरच्या मोठ्या कंपनीत दहा माणसांवर हुकूम चालवते, पण बाळंतपणाचा विषय निघाला की तिचा चेहरा उतरायचा. “अम्मा, तें तेल आहे ना?” एवढंच विचारायची, आणि आहे म्हटलं की जेवायला बसायची. तिची सगळी भिस्त त्या तेलावर होती.

हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते तेल कुठल्या बाटलीत आहे, हे माहीत नव्हतं.

इकडे माझी इंजिनं तयार झाली होती, पण ती दिसत होती दिवाळीला घासून ठेवलेल्या भांड्यांसारखी. मी पंपांच्या खोलीत वाढलेला माणूस. इंजिन म्हटलं की त्यावर तेलाचा ओशट तवंग हवा. शिलाईयंत्राचं तेल संपलं होतं, तिळाच्या तेलाला वास. देवघराच्या फळीवर मात्र एक छोटी बाटली दिसली. दाट, नितळ, चमकदार एरंडेल! दिव्याचं असणार, असं म्हणून मी ब्रश बुडवला, आणि काय सांगू, इंजिनं जिवंत झाली. मग पाइपांना लावलं. मग टॉर्पेडोंना लावलं. तरी उरलंच, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की खऱ्या पाणबुडीच्या तळाशी थोडं तेलपाणी साचलेलं असणारच. कुठल्याही पंपाखाली असतं. बाटलीतलं उरलेलं सगळं मी जाळीखाली ओतलं आणि रिकामी बाटली बूच लावून जागेवर ठेवली. टापटिपीच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

त्यानंतर पाणबुडी मिटेना. कडांना तेल लागलेलं, गोंद धरणार कसा? पुसलं, पुन्हा चिकटवलं, दाबून धरलं. थोड्या वेळाने ‘टक्’ करून वरची फाक उघडायची आणि झोपायच्या फळ्या टेबलावर यायच्या. शेवटी तिला रबरबँड बांधून ठेवली. तुळजा खुर्चीत बसून हे रोज बघायची आणि पोट धरून हसायची. तिला हसताना बघून मला बरं वाटायचं, म्हणून गोंद धरत नसला तरी मी रोज एकदा लावायचो.

एका सकाळी न्याहारी आटोपता आटोपता तुळजाने टेबल घट्ट धरलं. निखिल आदल्याच दिवशी आला होता, तो पांढराफटक पडला. सरसा मात्र शांत. तिने भरलेली पिशवी उचलली, निखिलला रिक्षा आणायला पिटाळलं आणि मला म्हणाली, “देवाच्या फळीवरची बाटली घ्या. तिरुक्करुगावूरचें तेल.”

“कोठली बाटली?”

“एकच तर आहे.”

मी फळीपर्यंत गेलो. बाटली होती, जशी ठेवली तशी, बूच घट्ट. एकच होती, आणि ती मीच रिकामी केली होती. बाहेरून सरसा विचारत होती, सांपडली कीं नाहीं? सापडली, म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. तुम्ही व्हा पुढे, मी स्कूटरवरून आणतो, असंही म्हणालो. रिक्षात बसताना तुळजाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “अप्पा, तेल विसरूं नका,” म्हणाली, आणि रिक्षा गेली.

आता काय करणार? तिरुक्करुगावूरला जाऊन येईपर्यंत नातवंड रांगायला लागलं असतं, आणि दुपारी देवळाचं दार बंद. कोपऱ्यावरच्या दुकानात एरंडेल मिळतं. ते बाटलीत भरलं असतं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? मी तसा देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभा राहणाऱ्यांपैकी. पण रिक्षातून वळून बघणारं ते तोंड डोळ्यांपुढून हलेना, आणि त्या तोंडाला दुकानातलं तेल द्यायला माझं मन धजेना. मी मट्कन खुर्चीत बसलो. समोर पाणबुडी. तिच्या फटीतून तेलाचा एक थेंब हळूच टेबलावर उतरला.

म्हणजे देवीचं तेल संपलेलं नव्हतं. ते घरातच होतं, फक्त इंजिनरूमच्या तळाशी होतं.

बाटलीत ओतून घ्यावं म्हटलं, तर कलती केल्यावर टॉर्पेडो आडवे आले आणि तेल पाइपांमागून भलतीकडेच निघालं. (पाइप मी फारच दाट घातले होते.) तेव्हा पाणबुडी तशीच पायाशी ठेवून स्कूटर काढली. प्रत्येक खड्ड्यात एक ओघळ माझ्या विजारीवर. आयुष्यभर गावची गळती बंद करणारा माणूस, आणि माझीच पाणबुडी महामगम तळ्यापासून इस्पितळापर्यंत गळत होती!

दारात रखवालदाराने अडवलं. खेळणं बाळ झाल्यावर आणा, असं तो तमिळमध्ये फार समजुतीने म्हणाला. यात औषध आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, माझ्या विजारीकडे आणि पाणबुडीकडे पाहिलं आणि बाजूला झाला. खोलीबाहेर निखिल येरझारा घालत होता.

“अप्पा,” तो हात जोडून म्हणाला, “छान झालीये. पण आत्ताच दाखवायला हवी का?”

मी तसाच आत घुसलो. तुळजा घामाने भिजली होती. सरसाने हात पुढे केला. मी पाणबुडी तिच्या हातात दिली.

“तेल कोठें?” सरसाने विचारलं.

“ह्येंतच आहे. इंजिनाखालीं.”

सरसाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, “उघडा.”

मी रबरबँडला हात लावायचा अवकाश, ‘टक्’! वरची फाक उडाली, झोपायच्या फळ्या तुळजाच्या पांघरुणावर पसरल्या, एक टॉर्पेडो नर्सच्या पायाशी घरंगळत गेला. सरसाने गाळणीची जाळी उचकटली (तिने ती ओळखलीही), तळाशी बोट बुडवलं, डोळे मिटून देवीचं नाव घेतलं आणि मुलीच्या पोटाला तेल लावलं. पोटावर एक लांबलचक करडा पट्टा उमटला. इंजिनाचा रंग!

तुळजाने मान उचलून पट्टा बघितला, मग मला, मग टिचबटणं. आणि ती हसायला लागली. कळ आली तरी हसत होती. नर्सने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं, तरी दारापलीकडून हसू ऐकू येत होतं.

दुपारच्या कॉफीच्या वेळेआधी नात झाली. पहिलं मूल इतकं झटपट सहसा येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निखिलच्या मते तो हसण्याचा परिणाम. सरसाच्या मते इथे मत असण्याचा प्रश्नच नव्हता. मी बाकावर बसून राहिलो. डोळे भरून आले होते आणि तेलकट हातांनी पुसताही येत नव्हते. दोघी सुखरूप होत्या, आणि मला त्या घटकेला आणखी काही नको होतं.

सरसा बाहेर आली, शेजारी बसली. आता वीज कोसळणार म्हणून मी मान खाली घातली.

“पोरीचें नाक तुमचें आहे,” ती म्हणाली. मग माझ्या तेलकट हातांकडे बघून, “घरीं गेल्यावर माझी बटणें काढून द्या.”

एवढ्यावर मी सुटलो.

पण गावात बातमी पसरायला पाइप लागत नाहीत. पाणबुडीतल्या तेलाने इतक्या लवकर सुटका झाली म्हटल्यावर, बाळ बघायला येणाऱ्या बायका पाळण्यात डोकावतात आणि लगेच विचारतात, ती कुठे आहे? पाणबुडी आता देवघराच्या फळीवर असते, उघडी. बंद करायची नाही, हा सरसाचा हुकूम. मला सुरुवातीला गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं आतलं काम कोणीतरी बघणार होतं!

परवा शेजारच्या मामी आल्या. त्यांच्या सुनेला आठवा लागलाय. मी चष्मा पुसून, काडी हातात घेऊन त्यांना पाइपांची सगळी मांडणी समजावून सांगितली. कुठला इंधनाचा, कुठला हवेचा, सगळं. त्या शेवटपर्यंत भक्तिभावाने ऐकत होत्या. मग त्यांनी तळाशी बोट घातलं, तेल डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, “सगळें छान आहे हो. तेवढी ती तारांची अडगळ काढून टाका. बोट पोंचत नाहीं.”

कालपासून मी पाइप काढतो आहे.