ज्या गाळात तणही उगवलं नाही

ती सकाळ आजही आठवते, कारण ठाण्यात त्या दिवशी सगळे हसले होते आणि हसणाऱ्यांत मीही होतो. दिग्रसजवळच्या खेड्यातली एक वयस्क बाई ठाणे अंमलदारापुढे उभी होती.

"सोयाबीन नाही आलं त नाही आलं, पण तणबी नाही उगवलं साहेब. असं काहून? तक्रार लिहून घ्या."

अंमलदाराने तिला कृषी खात्याचा रस्ता दाखवला. मी तिथला फौजदार, पण शेतकऱ्याचा मुलगा. पावसाळ्यात तण उगवत नाही म्हटल्यावर माझं हसू जिरलं. मी तिला खुर्ची दिली.

उन्हाळ्यात टिप्परवाल्यांनी तिच्या वावरात तलावाचा गाळ म्हणून फुकट माती टाकली होती. गाळाने जमीन कसदार होते, म्हणून आमच्याकडे त्याला कोणी नाही म्हणत नाही. तिने तर त्यांना चहाही पाजला होता. वावराच्या उतारालाच तिची विहीर, आणि घरादाराचं पिणं त्याच विहिरीचं. तण मारणारं काही त्या मातीतून विहिरीत उतरलं असेल तर, म्हणून मी आधी ते पाणी पिणं थांबवायला सांगितलं.

टिप्परचालक दोन दिवसांत सापडला. माती शहराबाहेरच्या बंद पडलेल्या फवारणी औषधांच्या, तणनाशकांच्या गोदामातली होती. तिथे नवी वसाहत होणार होती. पर्यावरण तपासणीत जमीन विषारी निघाल्याने वरची माती खोदून घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची होती. ते काम घेतलेल्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे ती पोचल्याच्या पावत्या होत्या, शिक्क्यांसह.

"बाईच्या वावरात तलावाचाच गाळ आहे," हे त्याचं पालुपद. मी तापट माणूस, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही. तलावातून एक घमेलं गाळ मागवला, दुसरं घमेलं पंचांसमक्ष वावरातून भरलं, आणि त्याच्या हाती चाळणी दिली.

तलावाच्या गाळात शंख-शिंपले निघाले. वावरातल्या मातीत शिंपला एकही नव्हता, औषधांच्या डब्यांची गंजलेली बुचं मात्र निघाली.

"शिंपले कुठे गेले?" मी विचारलं.

शहरात वाढलेला तो. गाळात शिंपले असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. पाणी मागितलं आणि सगळं सांगून टाकलं. पावत्या खोट्या होत्या.

बाईला बातमी दिली. ती म्हणाली, "चोर सापडला, बरं झालं. पण माह्या वावराचं काय?"

खरंच, काय? मी हट्टाला पेटलो. ती सगळी माती मुद्देमाल म्हणून जप्त दाखवली, कोर्टात खेटे घातले, आणि आदेश मिळवून कंत्राटदाराच्याच खर्चाने ती उचलायला लावली. नशिबाने विहिरीचं पाणी तपासणीत चांगलं निघालं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. एक जागा कागदावर स्वच्छ झाली की तिची घाण कोणाच्या दारात गेली, हे विचारायचं.

पुढच्या पावसाळ्यात बाई पुन्हा ठाण्यात आली. मुठीत मुळासकट उपटलेला लव्हाळा होता.

"साहेब, तण आलं!"

यावेळी अंमलदार हसला नाही. तण पाहून डोळे पुसणारी शेतकरीण मी आयुष्यात ती एकच पाहिली.