ओल्या नॅपकिनचं वजन

धान्याच्या दुकानात सत्तावीस वर्षं माप केल्यामुळे त्यांना सगळे ‘तराजू’ म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडायचं. रिकाम्या पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला माल दिला नाही. दुकान बंद झालं तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते. चौदा महिने घरी बसले. उठसूट कपाट आवरायचे, इतके की बायको एकदा म्हणाली, “अहो, त्या कपाटाला तरी विश्रांती द्या.”

मग औषधांच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या खोलीवर काम मिळालं. सहा महिने उमेदवारी, दर बुधवारी वर्ग, शेवटी परीक्षा. पास झाले तर कायम.

काम मनाजोगतं होतं. चाळीस पांढरे उंदीर, प्रत्येकाचा पिंजरा वेगळा, वर आकडा. सगळ्यांना एकच आजार दिलेला, त्यात वजन घटत जायचं. एक ते वीसला नुसतं पाणी, एकवीस ते चाळीसला बाईंचं औषध. बाई म्हणजे संशोधक. तराजूंच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, पण सारखी झोप राहिल्यासारख्या दिसायच्या. सोमवारी आणि गुरुवारी तराजू वजनं करत. काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग डबा पिंजऱ्यापाशी न्यायचा, उंदीर आत घ्यायचा, पुन्हा काट्यावर. एक झाला की डबा पुसून त्यातच दुसरा. एकपासून चाळीसपर्यंत, ओळीनं.

पहिल्या आठवड्यात गुळगुळीत तळावर उंदरांचे पाय घसरत आणि ते एवढेसे जीव थरथरत. तराजूंना बघवेना. दुसऱ्या आठवड्यापासून ते दर वेळी एक धुतलेला नॅपकिन आत अंथरू लागले; मग डबा मध्ये मध्ये पुसावाही लागेना. नॅपकिनसकट डबा शून्यावर आणायला विसरले नाहीत. ते कसे विसरतील?

त्याच आठवड्यात बाईंच्या कागदावर फरक दिसू लागला. औषधवाल्यांचं वजन टिकत होतं, सरासरी साडेचार ग्रॅमचा फरक. अकराव्या आठवड्यापर्यंत तो टिकला. बाई हसायला लागल्या. एकदा म्हणाल्या, “काका, तुमचा हात लागला आणि औषध लागू पडलं बघा.”

अकराव्या आठवड्यातल्या बुधवारी वर्गात प्राण्यांचे डॉक्टर मोजमाप शिकवत होते. “दोन गटांत तपासायची ती एकच गोष्ट वेगळी. बाकी सगळं सारखं. अन्न, उजेड, हाताळणारा माणूस, मोजायची वेळसुद्धा. नाहीतर फरक औषधाचा की दुसऱ्याच कशाचा, कळणार कसं?” पुढे म्हणाले, “आणि शून्य दर प्राण्यानंतर बघायचं. उंदीर घाबरला की लघवी करतो. डब्यात राहिली, की पुढच्याच्या नावावर चढते.”

पिंजरे धुणारी ताई शेजारून कुजबुजली, “तराजूदादा, म्हणजे आपल्या डोक्यावर दुसऱ्याची घागर!” आणि स्वतःच फिदीफिदी हसली. तराजू हसले नाहीत. त्यांना डब्यातला नॅपकिन आठवला.

गुरुवारी त्यांनी नेहमीसारखीच वजनं केली, फक्त मध्ये थांबून रिकामा डबा काट्यावर ठेवला. विसाव्यानंतर आकडा शून्य नव्हता. चार ग्रॅम होता. चाळिसाव्यानंतर नऊ. त्यांनी नॅपकिन उचलला. जड, ओला, कडवट वासाचा. पहिल्या विसांच्या वाट्याला जवळजवळ कोरडा आणि औषधवाल्यांच्या वाट्याला हा. इतके आठवडे तो त्यांच्या हातांनीच धुण्याच्या बादलीत जात होता, आणि मनात एकच विचार असायचा, की बिचाऱ्यांना मऊ लागलं असेल.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“कुणाला कळलंय का?”

“नाही.”

“मग गप्प बसा. यापुढे नॅपकिन घालू नका, झालं.”

“उद्या बाईंचा अहवाल जाणार आहे. पुढे ते औषध आजारी माणसांना देऊन बघणार.”

“तुम्हाला काढून टाकतील हो.” तिचा आवाज फाटला. “पुन्हा ते कपाट... मला बघवत नाही तुम्हाला तसं.”

त्या रात्री कित्येक वेळा त्यांनी मनातल्या मनात नऊ ग्रॅमचे आठ केले, आठाचे सात. कितीही कमी केले तरी शून्य होईना.

शुक्रवारी सकाळी बाई अहवालाची पानं लावत होत्या. तराजूंनी नवा नॅपकिन आणि कालचे दोन आकडे टेबलावर ठेवले आणि जे होतं ते सांगितलं. 

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हिशेब मांडला. पाणीवाल्यांपेक्षा औषधवाल्यांवर जास्तीचं चढलेलं वजन सरासरी साडेचार ग्रॅम. औषधाला काहीच उरलं नाही.

“दर वेळी किती ओला व्हायचा, लिहिलंय कुठे?”

“नाही.”

“मग वजा तरी काय करू?” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “मलाही दिसायला हवं होतं. दुसऱ्याच आठवड्यात एवढा फरक... मला तो हवाच होता ना.”

मग त्यांनी वजनांची वही ओढली. खोडायची तिथली रीत अशी, की आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि ज्यानं मोजलं त्यानं शेजारी सही करायची. पहिल्या आठवड्याची दोन पानं तेवढी शाबूत राहिली. पुढची वीस पानं बाई पट्टी धरून रेघा मारत गेल्या आणि वही तराजूंकडे सरकवत गेल्या.

“बाई, माझं काय ते प्रयोगशाळेची समिती ठरवेल. पण या चाळिसांचं?”

“नवीन चाळीस मागवावे लागतील,” बाई म्हणाल्या.

त्यांनी विचारलं होतं एक आणि उत्तर आलं दुसरंच. तरी त्यात सगळं आलं. मऊ लागावं म्हणून घातलेल्या कापडापायी हे चाळीस फुकट मरणार, आणि आता आणखी चाळीस. पलीकडच्या खोलीत खाण्याची वेळ झाली होती, आणि पिंजऱ्यांच्या जाळ्या खुडबुडू लागल्या होत्या. तराजूंना अक्षर दिसेनासं झालं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “पुढचं पान.”

त्यांनी सही केली.