दिवसाला एकच तास पाणी

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. मागच्या उन्हाळ्यात टँकरवाल्याने भाव वाढवला तेव्हा माझं डोकंच फिरलं. सभेत उभा राहून मी ठणकावून सांगितलं, उद्यापासून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी फक्त एक तास उघडणार. टाळ्या पडल्या. पाणी वाचवायचं तर जरा वाईटपणा घ्यावाच लागतो, असं मी घरी येऊन बायकोलाही ऐकवलं.

दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींनी बेल वाजवली. त्या मूळच्या जासईच्या. मुलगा आणि सून कामावर जातात, आणि त्या दिवसभर अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करतात.

"दादा, वरचा नळ जरा सोड ना," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याचं अंथरून खराब झालंय. घरात होतं नव्हतं ते सगलं पानी संपलं."

"मावशी, टाकीत पाणीच नाही, कुठून देऊ?" मी म्हणालो. टाकीत पाणी होतं. पण एकाला सोडलं की उद्या दहा जण दारात, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. आपला नियम लोकांच्या अंगवळणी पडला म्हणून मी खुशीत होतो.

महिनाअखेरीला टँकरच्या पावत्या हातात आल्या आणि मी हबकलोच. फेऱ्या कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या! नक्की कुणीतरी चोरून पाणी ओढतंय. मी प्लंबरला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेला त्याला घेऊन इमारतीच्या मागे गेलो. त्याने गटाराच्या चेंबरचं झाकण उचललं. थोड्याच वेळात आत पाण्याचा लोंढा सुरू झाला. ना साबणाचा फेस, ना कसली घाण. पिता येईल असं नितळ पाणी धो धो वाहत होतं.

"अरे, पाइप फुटला!" मी ओरडलो.

"काही फुटलं नाही, साहेब," प्लंबर हसला. "नवीन पाणी आलं की लोक कालचं ओतून देतात. तासच मिळणार म्हणून घरातलं दिसेल ते भांडं भरून ठेवतात, आणि उरलं की सकाळी मोरीत. सगळीकडे हेच चालतं."

मी तडक जिना चढून घरी आलो. बाथरूममध्ये बायको भरलेली बादली आडवी करत होती. दुसरी शेजारी तयारच होती.

"हे काय करतेस?"

"शिळं पाणी आहे. मग काय करू त्याचं? तुम्हाला तरी शिळं चालतं का?"

रोज सकाळी हंडा पालथा करून ताजं पाणी भरणारा मीच. आईने लावलेली सवय, त्यात काही वावगं आहे असं आयुष्यात कधी मनात आलं नव्हतं. पाण्यासाठी अख्ख्या इमारतीला दम देणारा माणूस महिनाभर चांगलं पाणी गटारात सोडत होता. मला स्वतःची इतकी चीड आली की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. घरोघरी जाऊन सगळ्यांना सांगायचं ठरवलं आणि आधी समोरची बेल दाबली.

मावशींचं दार उघडंच होतं. आतून औषधाचा आणि कसलातरी कुबट वास आला. खाटेवर म्हातारा कुशीवर झोपलेला, आणि मावशी ओल्या फडक्याने त्याची पाठ टिपत होत्या. कमरेच्या वर तळहाताएवढी जखम दिसली. मी मान फिरवली.

"हे कधी झालं?"

"झाले पंधरा-वीस दिवस. ओल्यात पडून राहिला. सकालचं पानी दुपारपातूर पुरत नाय. संध्याकाली पोरगा पान्याचे बाटले आनतो तवा धुतो."

"मावशी, अहो, आम्ही समोरच राहतो! आमच्या घरातलं का नाही मागितलं?"

त्यांनी फडकं वाटीत पिळलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तू बोललास ना, पानी नाय," त्या म्हणाल्या. "आमाला वाटलं, तुमच्याकडं बी नसंल."