रिसपेकच्या घरची उष्टी भांडी

कालबुबू आपाला मटण नको झालेलं मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. जन्मभर नारिनच्या डोंगरांतल्या वरच्या कुरणांत मेंढ्या राखलेली बाई. बाळंत झाली तेव्हा म्हणे आधी रस्सा मागितला, मग बाळ. दात मोजकेच उरलेत, पण हाड साफ करण्यात ती गावच्या कुत्र्यांनाही लाजवते. जीभही तशीच धारदार. म्हणूनच गावच्या पंचायतीत सहा पांढऱ्या दाढ्यांबरोबर ही एकटी बाई पंच.

गेल्या शरदात तिथे मेरीमबाईंचा मामला आला. गावप्रमुख रिसपेकनं मुलाच्या लग्नात शाळेतल्या शिक्षिकांना, ऐन शाळेच्या वेळी, चहा वाढायला आणि भांडी घासायला बोलावलं. मेरीम गेली नाही. तिसरीच्या पोरांना पाढे शिकवत बसली. लगेच रिसपेकच्या सहीनं तिला डोंगरापलीकडच्या शाळेत बदलीचा हुकूम आला. घरात अंथरुणाला खिळलेली आई! पंचांनी 'सत्तेचा गैरवापर' म्हटलं असतं तर जिल्ह्यानं बदली रद्द केली असती. नुसतं 'असभ्य वागला' म्हटलं, तर रिसपेकची एक माफी, एक मिठी, आणि मेरीमनं गाव सोडायचं.

सुनावणीच्या दिवशी रिसपेकनं पंचांना घरीच जेवायला बोलावलं. मेंढा कापलाय म्हटल्यावर आमच्याकडे 'नाही' म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. सगळे गेले. मी रिसपेकचा चुलतभाऊ, म्हणून पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला होतो. हाडं मानाप्रमाणे वाटली गेली. मुंडकं पंचप्रमुख कोचकोरबायपुढे, माकडहाड आपापुढे. थोर बाईचा तो मान. उरलेलं घरी न्यायला प्रत्येकाच्या मांडीशी पिशवी. आणि तिथेच, बोटं चाटत, न्यायदान सुरू झालं.

"हे बघा," मेंढ्याचा कान कापत कोचकोरबाय म्हणाला, "पाव्हणे फार, हात कमी. पोराच्या लग्नात माणूस बावचळतो. असभ्यपणा झाला, कबूल. पण गैरवापर कसला?"

"बंदूक तर नाही ना रोखली कुणी!" शेजारची दाढी म्हणाली.

"मग मला का नाही रे बोलावलंस भांडी घासायला?" आपानं रिसपेकला विचारलं.

"तोबा, आपा! तुम्ही वडीलधाऱ्या."

"बरं, मी म्हातारी. लोहाराची बायको तर तरणीताठी आहे?"

"ती कशाला येईल?"

"आत्ता कसं बोललास! तिची भाकरी तुझ्या हातात नाही. जिची आहे, नेमकी तिलाच हाक मारलीस."

"आपा, मीठ खाल्लंय आपण याचं," कोचकोरबाय कुजबुजला.

"मीठ खाल्लंय. अक्कल नाही खाल्ली."

एवढ्यात आपाच्या रिकाम्या पेल्यावर किटली वाकली. किटली धरणाऱ्या हाताच्या नखांत खडू होता. आपानं मनगट धरून वर पाहिलं. गणिताची गुलसाइरा!

"अगं, वर्ग?"

"मुलांना खेळायला सोडलंय, आपा."

"आत आणखी कोण आहे?"

"बाकीच्या सगळ्या. कणीक मळतायत."

मला वाटलं, झालं, निकाल लागला; चोर चोरी करतानाच सापडला. तेवढ्यात कोचकोरबाय खाकरला आणि त्यानं आपला पेला गुलसाइरापुढे धरला. मग दुसऱ्यानं. मग सहाही जणांनी. चहा फुरकत त्यांनी 'असभ्य वर्तन' ठरवलं आणि तुपकट हात वर केले. त्या हातांवर मीच पाणी घातलं. चरबी तेवढी निघाली.

आपानं माकडहाड तसंच दूर सारलं.

"का आपा, शिळं लागलं?" रिसपेकनं विचारलं.

"मेंढ्याला कशाला नावं ठेवू? तो बिचारा चांगला होता."

मी तिला सोडायला निघालो, तर ती घरी न जाता थेट मेरीमच्या दारात. मेरीम आईचे कपडे पेटीत भरत होती.

"ठेव ते. उद्या जिल्ह्याला जायचंय. गुलसाइरालाही साक्षीला ओढून आणते."

"पण आपा, पंचांचा निकाल..."

"त्यांचा. मी आजपासून पंच नाही. आता मला सभ्य बोलायचं बंधन नाही."

मेरीम हसली, मग रडली. आतून तिच्या आईनं विचारलं, "कोण आलंय गं? चहा टाक!"

"तू बस," आपा मेरीमला म्हणाली, आणि स्वतः चुलीकडे गेली.